भिंतीपलीकडचं बोलावणं

परवा खानचाचा शिडी लावून खजुराच्या झाडावर चढले आणि पिवळ्या पडू लागलेल्या घडांना एकेक करून जाळीच्या पिशव्या बांधून गेले. ते आमच्या वसाहतीचे माळी, पेशावरकडचे. उतरल्यावर दरवर्षीसारखंच म्हणाले, "खलास बेटी, अब बीस दिन हाथ मत लगाना."

म्हणजे जून अर्धा सरला. इथे दुबईत ऋतू ओळखायला आभाळाकडे बघून उपयोग नसतो, ते वर्षभर जवळजवळ एकाच रंगाचं असतं. आमच्या वसाहतीत ऋतू ओळखायचा तो या घडांवरून आणि गल्लीत उभ्या राहणाऱ्या ट्रकांवरून. खजूर पिवळा व्हायला लागतो तेव्हाच सामान बांधणाऱ्या कंपन्यांचे ट्रक यायला लागतात. शाळा संपतात आणि वसाहतीतली फ्रेंच कुटुंबं निघतात. काही दोन महिन्यांच्या सुट्टीला, काही कायमची. कोण कसं निघालंय हे दारात ट्रक लागला की कळतं.

सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या असतात. थंड पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी येतं, म्हणून आई आदल्या रात्रीच बादली भरून ठेवते. माझी परीक्षा जवळ आली आहे. मी पुस्तक उघडून अंगणाकडच्या काचेच्या दाराशी बसते आणि पुस्तकापेक्षा जास्त वेळ समोरच्या भिंतीकडे बघते. खांद्याएवढी उंच, पिवळसर रंगाची साधी भिंत. गेल्या जूनपर्यंत तिच्या पलीकडे ओदिल राहायची.

आम्ही हे घर घेतलं त्याला आता चार वर्षं होतील. त्याआधी बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचे, आठजणांच्या खोलीत. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या बनतात. मशीन मेंटेनन्सचे सुपरवायझर झाल्यावर त्यांनी आम्हाला चिंचवडहून बोलावून घेतलं, आधी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाबा आयटीआय झालेले, आई दहावी. दोन्हीकडच्या घरांत मिळून पुढे कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि घरात इंग्रजी येणारीही मीच. त्यामुळे घराचे कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी बारावीला होते आणि अर्ध्या शब्दांचे अर्थ मलाही येत नव्हते, पण मी मान डोलवत वाचत राहिले.

एजंट म्हणाला होता, "सर, इधर सब फ्रेंच फॅमिली है, पास में उनका स्कूल है. एकदम पीसफुल." बाबांनी किंमत आधी दिरहममध्ये पुटपुटली, मग रुपयांत मोठ्याने म्हटली, आणि रुपयांतला आकडा ऐकून स्वतःच गप्प झाले. आई तोवर अंगणात जाऊन आली होती. अंगण म्हणजे चार खुर्च्या मावतील एवढी फरशी, एक झाड आणि पलीकडच्या घराशी सामाईक भिंत. ती आत येऊन एवढंच म्हणाली, "अहो, शेजार आहे."

आधीच्या फ्लॅटमध्ये लांब कॉरिडॉर होता आणि बंद दारं होती. आईने हे घर पसंत केलं ते खरं तर शेजारासाठी. ही मंडळी भाड्याने राहतात, नोकरीच्या तीन-चार वर्षांच्या करारावर येतात आणि जातात, हे आम्हाला घर घेतल्यानंतर समजलं. घर आमचं झालं होतं. शेजार कुणाच्या मालकीचा होत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

फ्रेंच लोकांमध्ये राहायचं म्हणजे काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली, त्यामुळे घरात मीच त्यातली जाणकार. पण पुस्तकातल्या फ्रेंचमध्ये लोक स्टेशनचा रस्ता विचारतात आणि संग्रहालय बघायला जातात. इथे पहिल्याच आठवड्यात आईने भिंतीवरून ओदिलला थेट विचारलं, "पाणी येतंय का तुमच्याकडे?" अर्थात हिंदीत, खुणा करून. ओदिल तिच्याकडे शांतपणे बघत राहिली. मग म्हणाली, "बोंजूर." आणि थांबली. आईला वाटलं, कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा, "बोंजूर." शेवटी आईने गोंधळून "बोंजूर" म्हटलं, तेव्हा ओदिल हसली आणि नळ सोडून दाखवला. पाणी येत होतं. आधी नमस्कार, मग काम. आई घरात येऊन म्हणाली, "बाई कडक आहे. पण बरोबर आहे तिचं."

मग हळूहळू बाकीचं कळत गेलं. रविवारी दुपारी मिक्सर लावायचा नाही. मुलं आठाला झोपतात. कोशिंबीर जेवणाच्या शेवटी खातात. गालाला गाल लावताना आधी कुठला गाल पुढे करायचा, यावर आई नेहमी अडखळायची. समोरून ओदिल आली की ती नुसतीच ताठ उभी राहायची. ओदिल पंचावन्नच्या आसपासची होती, केस पांढरे, न रंगवलेले. घरी दोन-तीन मुलांना पियानो शिकवायची. तिचा नवरा मिशेल अबू धाबीपलीकडे रुवैसला कामाला होता आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. बाबांच्याही शिफ्ट असायच्या. त्यामुळे आठवडाभर भिंतीच्या दोन बाजूंना या दोघीच. आईने तिला पहिल्याच महिन्यात ओदिलताई करून टाकलं. ओदिलला वाटायचं, ताई हा तिच्या नावाचा मराठी शेवट आहे, आणि ते तिला आवडायचं.

तिने आम्हाला पहिल्यांदा 'आपेरो'ला बोलावलं, तो दिवस आठवला की बाबा अजून हसतात. संध्याकाळी सातला या, म्हणाली. आम्हाला जेवायला बोलावलंय असं धरून आम्ही दुपारी थोडंच खाल्लं. गेलो तर समोर ऑलिव्ह, खारे बदाम, करंगळीएवढे पावाचे तुकडे आणि गप्पा. आठ वाजले, साडेआठ वाजले. बाबा मला हळूच म्हणाले, "जेवण आहे ना गं?" मी डोळे वटारले. नऊला सगळे उठले आणि आम्हीही उठलो. घरी येऊन आईने कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ओदिल भिंतीशी आली, पोट धरून हसत होती. तिने शिट्ट्या ऐकल्या होत्या आणि तिला सगळं समजलं होतं. मला म्हणाली, "आपेरो म्हणजे जेवणाआधीचं बसणं. जेवायला बोलावलं तर मी तसं सांगेन. बाबांना माफ करायला सांग." त्या दिवसापासून आमच्या कुकरची शिट्टी झाली की पलीकडून कधीकधी ओदिलची शीळ यायची. आईला हे फार आवडायचं. ती म्हणायची, "बघ, लक्ष असतं हो तिचं."

आई कुणालाही लवकर ताई म्हणते, पण मैत्रीण म्हणत नाही. चिंचवडला तिच्या मैत्रिणी होत्या, इथे कामापुरत्या ओळखी. ओदिल ही तिची इथली एकुलती मैत्रीण होती, आणि त्या दोघींच्या मध्ये मी होते.

होळीला आईने पुरणपोळ्या केल्या आणि ओदिलला जेवायला बसवलं. ओदिलने दोन पोळ्या आवडीने खाल्ल्या. तिसरीला हात आडवा धरला. आईने हात बाजूला करून पोळी वाढली, वर तुपाची धार. "असं कसं, एक तरी." ओदिलने ती खाल्ली. आईने चौथी अर्धी घातली. ओदिलने तीही संपवली, चेहरा लाल करून. दोन दिवस ती अंगणात दिसली नाही. मग मला बाजूला घेऊन अगदी हळुवारपणे म्हणाली, "सायली, आईला सांगशील? मी नको म्हणते तेव्हा मला खरंच नको असतं. ती माझं ऐकत नाहीये, असं वाटतं मला."

मी घरी आले आणि आईला सांगितलं. नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी मोठ्या माणसासारखं, शिकवण्याच्या सुरात सांगितलं. "आई, यांच्यात नाही म्हणजे नाही. इट्स रूड, असं फोर्स करणं. हे लोक आग्रह करत नाहीत आणि त्यांना केलेला आवडत नाही." आई खाली बघून कणीक मळत होती. गोळा झाकून ठेवत म्हणाली, "बरं. लक्षात ठेवीन."

तिने लक्षात ठेवलं. पुढे ओदिल नको म्हणाली की आईचा वाढता हात जागच्या जागी थांबायचा. मला अभिमान वाटला होता तेव्हा. मी आईला काहीतरी शिकवलं, असं. मी तिला अर्धंच शिकवलं होतं हे मला खूप नंतर कळलं. त्यांचं नको म्हणजे नको, हे सांगितलं. पण मग तुझंही नको इथे नकोच धरलं जाईल, हे सांगायचं राहून गेलं.

वसाहतीच्या पूलमध्ये सकाळी सातच्या आत कुणी नसतं. ओदिल रोज पोहायची. दुसऱ्या वर्षी तिने आईला नेलं. आईने अंगभर झाकणारा, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणला आणि घरातून निघताना वर गाऊन, गाऊनवर ओढणी. मी पहिल्या दिवशी बाकावर बसून दुभाष्याचं काम केलं; तिसऱ्या दिवसापासून माझी गरज राहिली नाही. ओदिल आईला पाण्यावर आडवं व्हायला सांगायची आणि तिच्या पाठीखाली तळहात धरायची. आई घाबरून "नको, नको" ओरडली की ओदिल क्षणात तिला उभी करायची. कधीही, एकदाही, "थोडं अजून" म्हणाली नाही. आई मला म्हणाली होती, "तिच्यासोबत भीती वाटत नाही गं. नको म्हटलं की सोडते." आईच्या आयुष्यात असं आधी किती माणसांनी केलं असेल, मला माहीत नाही. तिला कॉलेजात जायचं होतं का, हेही मी तिला कधी विचारलेलं नाही.

त्यांची नको ऐकण्याची पद्धत वाईट होती, असं मला अजिबात म्हणायचं नाही. म्हणूनच तर लिहायला अवघड जातंय. दोष देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट डब्याची. आई भिंतीवरून काही ना काही स्टीलच्या डब्यातून द्यायची. वड्या, चिवडा, कैरीचं पन्हं बाटलीतून. ओदिल डबा दुसऱ्या दिवशी परत करायची, घासून चकचकीत केलेला, आणि रिकामा. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पहिल्यांदा आईने डबा उघडून बघितला, पुन्हा उघडून बघितला आणि झाकण लावून फळीवर ठेवला. मग तिला सवय झाली. "त्यांच्यात नसेल," ती म्हणाली. हे मी ओदिलला सांगितलं नाही. काय सांगणार होते, की डब्यात साखर घाला?

गेल्या वर्षी याच दिवसांत, घडांना पिशव्या बांधून झाल्या होत्या, आणि कळलं की मिशेलचं रुवैसचं काम संपलं. ते दोघं कायमचे परत निघाले होते. ओदिलनेच सांगितलं, भिंतीशी उभं राहून. आईने खुर्चीवर चढून सगळ्यात खालच्या पिशवीत हात घालून दोन पिवळे, करकरीत खजूर तोडले आणि एक ओदिलला दिला. खानचाचांचं न ऐकता. अजून तुरट होते. दोघींनी तसेच खाल्ले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ओदिल पुन्हा भिंतीशी आली. बोंजूर, बोंजूर. मी लॅपटॉप घेऊन बसले होते. मी लॉजिस्टिक्स शिकते आणि सोमवारी माझं प्रेझेंटेशन होतं. ओदिल माझ्याकडे बघून सावकाश फ्रेंचमध्ये म्हणाली, "शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवण आहे. आपेरो नाही, जेवण. मिशेलचे दोन मित्र आहेत आणि आमची मुलगी आली आहे. तुझी आई, सुनंदा, यायला हवी आहे मला. तुम्ही सगळेच या."

मी आईला सांगितलं. आईचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती हसून म्हणाली, "छे, नको. तुमची घरची माणसं असतील. आम्ही कशाला मध्ये?"

हा 'नको' मी जन्मापासून ओळखते. मावशीकडे, काकूकडे, कुणाच्याही दारात आई तो म्हणते आणि म्हणता म्हणता चप्पल काढत असते. त्यावर समोरच्याने "असं कसं, यायचंच" म्हणायचं असतं. मग तिने "बरं बाई" म्हणायचं. त्या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात आपण कुणालातरी हवे आहोत, याची खात्री करून घेता येते.

ओदिल माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नों, मेर्सी." नको, धन्यवाद. "आई म्हणते, तुमची घरची माणसं असतील."

शब्दाला शब्द. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

ओदिलच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "दाकोर," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. "तिला सांग, मी समजू शकते." आणि ती आत गेली.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"ठीक आहे म्हणाली."

"हं. शनिवारी हाक मारेल बघ."

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. भिंत खांद्याएवढीच होती. मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. पण सोमवारचं प्रेझेंटेशन होतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. ओदिलची मुलगी माझ्याच वयाची होती. आदल्या संध्याकाळी मी तिला गच्चीत उभी राहून फोनवर बोलताना बघितलं होतं, किती सहज, किती मोकळी. त्या टेबलाशी आई हाताने जेवणार, सगळ्यांना ताई-दादा म्हणणार, जाताना उरलेलं डब्यात बांधून द्या म्हणणार, आणि मी तीन तास तिचं सगळं त्या मुलीसमोर फ्रेंचमध्ये मांडत बसणार. आईचा नको मला सोयीचा पडला. मला तिची लाज वाटली, हे एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

शनिवारी आई सकाळी लवकर उठली. ओल्या नारळाच्या वड्या केल्या, वेलदोडा जरा जास्तच. इस्त्री केलेली मोरपंखी साडी नेसली. बाबांना शर्ट काढून दिला. बारा वाजता ती सोफ्यावर बसली, मांडीवर वड्यांचा डबा. आमची बैठकीची खोली आणि त्यांची जेवणाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. जूनच्या दुपारी कुणी अंगणात बसत नाही, त्यामुळे सगळे आवाज त्या भिंतीतून यायचे. खुर्च्या सरकल्या. बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठ्याने हसलं, बहुतेक मिशेल.

"जायचं का?" बाबांनी विचारलं.

"बोलावू द्या की. पानं वाढली की बोलावतील."

आमच्याकडे तसंच असतं. आमंत्रण आधी दिलेलं असलं तरी पानं वाढल्यावर कुणीतरी पुन्हा बोलवायला येतं, आणि तोवर उठून जाणं बरं दिसत नाही. आई त्या बोलावण्याची वाट बघत होती. मी खोलीत दार अर्धं लोटून स्लाइड्स करत होते. मला तिची पाठ दिसत होती. काटे-चमचे वाजत होते, मग थांबले, मग पुन्हा वाजले. दीड वाजला. बाबा शर्टासकट आडवे झाले. अडीचच्या सुमाराला पलीकडून छोट्या चमच्यांचा, कॉफीचा, किणकिणाट आला. आई उठली. साडी सोडून तिची नीट घडी घातली, गाऊन घातला आणि पिठलं टाकलं.

मी पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ती पिठलं हलवत म्हणाली, "विसरली असेल गं. एवढी बांधाबांध चाललीय. घाईत होतं माणसाचं."

मी म्हटलं, "हं."

सोमवारी सकाळी ट्रक आला. दुपारपर्यंत पियानोसकट सगळं गेलं. मी प्रेझेंटेशन देऊन आले. ते चांगलं झालं. टॅक्सी यायच्या आधी ओदिल आमच्या दाराशी आली. हातात आमचा स्टीलचा डबा, शनिवारनंतर आईने भिंतीवर ठेवलेला, वड्यांचा. दोघींनी गालाला गाल लावले, आणि या खेपेला आई अडखळली नाही. आधी उजवा, मग डावा. ओदिलने तिला जरा जास्त वेळ धरून ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला सांग, मला वाईट वाटलं नाही. काही लोकांना निरोप आवडत नाहीत." मी हे आईला सांगितलं नाही. मी सांगितलं, "सांभाळून राहा म्हणते."

टॅक्सी गेल्यावर आईने डबा फळीवर ठेवायला उचलला आणि थबकली. तो जड होता. उघडला तर आत पातळ, कडा किंचित करपलेली लोण्याची बिस्किटं, काठोकाठ, वर कागद घातलेला. तीन वर्षांत ओदिलला कुणीही सांगितलं नव्हतं. कुठेतरी बघून, आमच्याकडे आलेल्या कुणाचा डबा भरून जाताना बघून, तिने ते उचललं होतं. भाषा येत नसताना. आणि मला दोन्ही भाषा येत होत्या.

आईने ती बिस्किटं रोज एक करून पुरवून खाल्ली.

आता पलीकडे लोर आणि तिचा नवरा राहतात. तरुण आहेत, त्यांना एक लहान मुलगी आहे. भिंतीवरून बोंजूर होतं. ओदिलचे मेसेज येतात, माझ्या फोनवर. तिच्या गावातली बाग, पाऊस, मिशेलने रंगवलेलं दार. शेवटी नेहमी, सुनंदाला माझी आठवण सांग. तिला लिहायचं म्हणून मी वर्षभर एक पत्र लिहितेय. दोन-चार ओळी होतात आणि थांबतात. फ्रेंचमध्ये लिहायचं अवघड नाही. पण लिहिलं, तर त्यात मी काय केलं तेही येतं.

परवा खानचाचा पिशव्या बांधून गेल्यावर आई खाली पडलेले हिरवे-पिवळे खजूर वेचत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं. सगळं. ओदिलताई विसरली नव्हती, तू नको म्हणालीस ते मी तसंच सांगितलं, मला माहीत होतं तुला जायचं होतं, तरी सांगितलं. त्या मुलीचंही सांगितलं. तिने वेचणं थांबवलं नाही. मला वाटलं चिडेल. तिने चिडावं असं मला वाटत होतं.

"तू बरोबरच सांगितलंस," ती म्हणाली. "मी नकोच म्हटलं होतं."

मग ताट उचलून आत गेली.

काल लोरने भिंतीवरून म्हटलं, सुट्टीला निघण्याआधी उद्या संध्याकाळी जेवायला या. मी आईकडे वळेपर्यंत आई म्हणाली, "वुई." म्हणजे हो. एका दमात, हसू न आणता, हजेरी दिल्यासारखं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं नाही. लोर खूश झाली.

आज आम्ही गेलो होतो. बाबांची शिफ्ट होती, आम्ही दोघीच. आईने गालाला गाल लावला, डबा दिला, काटा डाव्या हातात धरला. लोरने भाजी भरून ओव्हनमध्ये भाजलेला टार्ट केला होता, तिखट नाही पण चवीला चांगला. आईने लहानसा तुकडा खाल्ला. लोरने दुसरा वाढायला उलथणं पुढे केलं.

"नों, मेर्सी," आई म्हणाली.

लोरने उलथणं लगेच खाली ठेवलं. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचा नको खरा की आग्रहाची वाट बघणारा, हे इतकी वर्षं मला तिथे दिसायचं, न सांगता. आज मला काही कळलं नाही. मी टेबलाखालून तिचा हात दाबला आणि मराठीत हळूच म्हटलं, "आई, घे ना थोडं."

"नको म्हटलं ना, सायली," ती म्हणाली, शांतपणे. "एकदा विचारलं की झालं."

तिने काटा आणि सुरी ताटात एकमेकांशेजारी सरळ ठेवली, जेवण झाल्यावर ठेवतात तशी.

घरी आलो. मी कपडे बदलून आले तर आई ओट्याशी उभी होती. तांदूळ धुतलेले होते. कुकर फळीवरच होता. तिने भात पातेल्यात लावला होता, वर झाकण, मंद आचेवर, म्हणजे पलीकडे शिट्टी जायला नको.